वाम काय खाते

आबा बाजारातून आले ते हातात ओलं फडकं धरून. फडक्यात काहीतरी वळवळत होतं. मी दारातच अडवलं, म्हटलं हे काय आणलंत. त्यांनी चपला काढल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीसमोर जाऊन उभे राहिले.

"पाव्हणं, हिला यात सोडा," ते म्हणाले.

मिस्टर चहा पीत बसले होते. कप तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. फडक्यात काय आहे ते राहू द्या, आबांनी सबंध वाक्य बोललेलं आमच्या घरात कित्येक दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. हां, नको, पुरे, एवढ्यावर चाललं होतं त्यांचं.

"वाम आहे का मामा?" मिस्टरांनी विचारलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.

"व्हय. जिती हाय."

मिस्टरांनी एकदा टाकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी डोळ्यांनीच दटावलं. मग ते मुकाट उठले, झाकण काढलं, आणि आबांनी फडकं पाण्यात धरून हळूच उलगडलं. हातभर लांब, सापासारखी, तपकिरी, अंगावर जाळीसारखी नक्षी. पाण्यात उतरली आणि तळाच्या खड्यांत तोंड खुपसून आडोसा शोधायला लागली.

या टाकीचं सांगायला पाहिजे. आमच्या मिस्टरांचा जन्म भोयाच्या घरातला, पण त्यांचे वडीलच कंपनीत लागले होते, त्यामुळे या माणसानं उभ्या जन्मात जाळं हातात धरलं नाही. आणि हौस काय, तर मासे पाळायचे. चिंचवडला फ्लॅट घेतला तेव्हा सोफ्याच्या आधी ही टाकी आली. गप्पी, टेट्रा, आणि दोन चपटे एंजल. मी चिडवायचे, म्हणायचे, आमच्यात मासा ताटात बघतात, तुमच्यात काचेत. ते हसायचे. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

माझं माहेर उजनी धरणाच्या फुगवट्याला, करमाळ्याच्या बाजूचं. आबांचा जन्म पाण्यावर गेला. आई माझ्या लग्नाआधीच गेली, मग घरात आबा आणि माझा धाकटा भाऊ अंकुश. दोघं मिळून एक होडी चालवायचे. त्या वर्षी थंडीत अंकुश एकटाच जाळी उचलायला गेला. वारं सुटलं, होडी उलटली. होडी सापडली, तो सापडेना. मी निरोप मिळताच गावाला गेले. आबा रोज पहाटे दुसऱ्याची होडी घेऊन शोधायला जायचे ते अंधार पडल्यावर परत यायचे, कधी पलीकडच्या काठालाच राहायचे. घरात मी चूल पेटती ठेवली होती. चूल बंद केली असती तर तो गेला असं आपणच म्हटल्यासारखं झालं असतं, आणि आमच्यात माणूस सापडल्याशिवाय सुतक धरत नाहीत. पोहणारा होता, कुठल्या तरी काठाला लागला असेल, असं सगळी म्हणायची आणि मी मान डोलवायचे.

शेवटी तो सापडला. आबांनी त्याला पाण्याच्या काठावरच कापडात बांधलं. मला तोंड बघू दिलं नाही. मी खूप रडले, भांडले, एकदा तरी बघू द्या म्हटलं. त्यांनी मला धरून बाजूला केलं आणि गाठी पुन्हा आवळल्या. तेरावं झाल्यावर मी त्यांना चिंचवडला घेऊन आले.

आल्यापासून ते झिजत चालले होते. खायचं म्हणून खायचे, खिडकीतून बघत बसायचे. एकदा मला वाटलं, आवडीचं काही करावं, म्हणून चिलापीचं कालवण केलं. पहिला वास आला तसे ते ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन ओकले. त्यानंतर मी घरात मासा आणला नाही. आई गेली, अंकुश गेला, आता हेही हातातून चालले, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही. मला ते आजाराहून वाईट वाटलं होतं.

म्हणून त्या दिवशी त्यांनी तोंडानं काहीतरी मागितल्यावर मिस्टरांची सगळी टाकी गेली असती तरी मला चाललं असतं.

आणि गेलीच म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गप्पी निम्मे. मिस्टर टाकीला नाक लावून मोजत बसले, मग हळूच म्हणाले, मंदा, तुझ्या वडलांची पाव्हणी रात्री जेवून गेली. आबांना वाईट वाटेल म्हणून मोठ्यानं बोलले नाहीत. संध्याकाळी कामावरून आल्यावर स्टेशनजवळच्या बागवानच्या, पाळायच्या माशांच्या दुकानात विचारायला निघाले, तर आबा आपण होऊन चपला घालून उभे. म्हणाले, मीबी येतो.

परत आल्यावर मिस्टरांनी मला सगळं सांगितलं. बागवाननं आधी हसून घेतलं म्हणे. मग म्हणाला, खडे काढा, बारीक वाळू घाला, वाम वाळूत घुसून बसते, खड्यांनी तिचं अंग खरचटतं. लपायला पाइपाचा तुकडा टाका. झाकण घट्ट, बोटाएवढी फट राहिली तरी रात्रीत बाहेर येऊन फरशीवर मरून पडेल. सोबतीला दुसरी वाम आणू नका, दोघी भांडतील. आणि जो मासा हिच्या तोंडात मावतो, तो हिचा सोबती नाही, तो खाऊ. एंजल मोठे आहेत, शांत आहेत, ते राहतील. गप्पी, टेट्रा वेगळे करा.

"आणि मामा काय बोलले माहितेय?" मिस्टर म्हणाले. "त्यांनी विचारलं, ही मेलेलं खाती का. बागवान म्हणाला, नाही चाचा, हलतंय तेच खाते, मेलेल्याला शिवत नाही. म्हणून तर लोक घेत नाहीत, रोज जिवंत गांडुळं कोण आणणार. तर मामा पायरी उतरले, परत वर गेले आणि तेच पुन्हा विचारलं."

मला नवल वाटलं. जन्मभर वाम धरणारा माणूस, त्यानं हे दुकानदाराला विचारावं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी आबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, गळाला आम्ही जितंच गांडूळ लावायचो, मेलेलं लावून कोण बघतंय. आणि परत टाकीकडे बघायला लागले. मला वाटलं, बरं झालं, जीव गुंतला कशात तरी.

घरात मग नवीनच रहाटगाडगं सुरू झालं. गप्पी बाल्कनीत प्लॅस्टिकच्या टबात गेले. आबा रोज दुपारी खुरपं घेऊन सोसायटीच्या बागेत उतरायचे आणि डब्यात गांडुळं घेऊन वर यायचे. वॉचमन तक्रार घेऊन आला, म्हणाला, आजोबा गुलाबाची मुळं उकरतात. मी त्याला चहा पाजला. तिन्हीसांजेला आबा टाकीजवळ स्टुलावर बसायचे. वाम वाळूतून नुसतं नाक बाहेर काढायची. तिचं नाक मऊ, टोकदार, सारखं इकडंतिकडं हलणारं. गांडूळ पडलं की ते नाक त्याच्यापाशी जायचं आणि पुढच्या क्षणी गांडूळ नसायचं.

पण आबा तिला नुसतं खायला घालत नव्हते. टबातला एक गप्पी मेला तो त्यांनी टाकीत टाकला आणि टक लावून बसले. वामेनं नाक लावलं आणि फिरवलं. सकाळी तो गप्पी तसाच तळाला. आबांनी तो काढून टाकला. मग एक दिवस माझ्याकडे मटणाचा कच्चा तुकडा मागितला. मी म्हटलं, पाणी नासेल, मिस्टर माझ्या नावानं खडे फोडतील. तरी दिला. त्यांनी दोऱ्याला बांधून तो तळाशी सोडला. वाम आली, हुंगली, गेली. दुसऱ्या दिवशी तुकडा अख्खाच्या अख्खा वर आला. आबांनी तो उजेडात धरून सगळ्या बाजूंनी बघितला आणि जिन्यातल्या मांजराला घातला.

असं त्यांनी पुष्कळदा केलं. मी त्याला म्हातारपणाचा नाद समजत होते. कारण दर वेळी तुकडा अख्खा परत आला की ते जरासे सुटल्यासारखे दिसायचे. खांदे खाली यायचे. जेवताना भाकरी मागून घ्यायचे. मिस्टरांशी गप्पा मारायला लागले, वाम कशी धरतात, हाताला राख लावली नाही तर कशी निसटते, हे सांगायला लागले. मिस्टर लहान मुलासारखे ऐकत बसायचे. एक दिवस आबा टाकीकडे बघत म्हणाले, "अंकुश असता तर हसला असता या पेटीला. म्हणला असता, मासं तुरुंगात टाकलं की पाव्हण्यांनी."

तो गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि तोंडाला पदर लावून रडले. दुःखानं नाही, मला हलकं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात ते म्हणाले, होडीला डांबर लावायला झालंय, पाव्हण्यांना सुट्टी असंल तेव्हा जाऊन येऊ. आणि थोड्या वेळानं, जसं काही सहजच, "रविवारी मासं कर, मंदे."

मी म्हटलं, खाल का? ते म्हणाले, बघतो खाऊन.

आता इथून पुढचं सांगताना मला मिस्टरांची बाजू आधी सांगितली पाहिजे. उन्हाळा सुरू झाला होता. सोसायटीच्या बागेची माती दगडासारखी झाली होती. आबांचे गुडघे दुखायचे, तरी ते उन्हात बसून तासन् तास उकरायचे आणि डब्यात दोन-तीनच गांडुळं यायची. मिस्टरांना ते बघवेना. आबांनी मासा मागितला त्याच्या पंधरा-वीस दिवस आधीच ते गुपचूप बागवानकडे गेले होते. बागवान म्हणाला, सोप्पंय की, तिला सवय लावा. आधी काही दिवस उपाशी ठेवा. मग गांडुळाबरोबर कोळंबीचा तुकडा द्या, काडीनं हलवत. मग नुसती कोळंबी. मग न हलवता. पोटात आग पडली की सगळं शिकते.

मिस्टरांनी आबांना सांगितलं, बागवान म्हणतोय वामेचं पोट बिघडलंय, सध्या काही घालू नका, मी औषध देतो. आबांनी विश्वास ठेवला. जावयावर का नाही ठेवायचा. मिस्टर रोज पहाटे पहिल्या पाळीला जायच्या आधी, आम्ही झोपेत असताना, टाकीशी काडी घेऊन बसायचे. मलाही कळू दिलं नाही. त्यांना ते रविवारी दाखवायचं होतं, घरात मासा शिजणार त्या दिवशी. सणासारखं वाटत होतं त्यांना. मलाही वाटत होतं.

रविवारी मी मरळ आणली. आमच्या गावाकडचं वाटण केलं, तीळ आणि सुकं खोबरं भाजून. घरभर वास सुटला, आणि आबा उठून गेले नाहीत. मी दोनदा बाहेर डोकावून बघितलं. बसले होते, पेपर हातात होता. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

पानं घेतली तेवढ्यात मिस्टरांनी हाक मारली. "मामा, इकडं या. गंमत दाखवतो."

आबा गेले. मी पळी हातात घेऊन दारात उभी राहिले. मिस्टरांनी फ्रिजमधला डबा उघडला, सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा टाकीत सोडला आणि हात बाहेर काढला. तुकडा वाळूवर जाऊन पडला. हलत नव्हता. वाळूतून नाक वर आलं. मग सगळी वाम बाहेर आली, तुकड्यापाशी गेली आणि एका झटक्यात तो गिळला. मग पुढं होऊन वाळू हुंगत अजून आहे का ते बघायला लागली.

"बघितलंत?" मिस्टर म्हणाले. "आता तुम्हाला उन्हात बसायला नको."

"मेलेली हाय ना ती?" आबांनी विचारलं.

"मग. बाजारातली आहे, शुक्रवारपासून फ्रिजमध्ये होती."

"अजून एक टाका."

मिस्टरांनी टाकला. वामेनं तोही खाल्ला. आबा काचेवर एक हात टेकून उभे होते. वाम पुन्हा वाळूत गेली तरी ते तसेच उभे. मग आले आणि पानावर बसले. मला वाटलं, खूश झालेत. मी वाढलं. भाकरी, कालवण, वर मरळीचा मोठा तुकडा. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि तो घास हातातच राहिला.

"जेवा ना आबा," मी म्हटलं.

त्यांनी घास ताटात ठेवला. माझ्याकडे नाही, ताटाकडे बघत बोलायला लागले.

"अंकुश सापडायच्या आधी मी पलीकडच्या काठाला गेल्तो. सांज झाल्ती. तिथल्या एका बाईनं हाक मारली, म्हणली, दादा, दोन घास खाऊन घ्या, पोरगं सापडंल. वामंचं कालवण हुतं." त्यांनी ताट जरा बाजूला सारलं. "लई गोड लागलं. मी मागून घेतलं, मंदे. परत वाढ म्हणलो तिला."

मला अजूनही काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, मग काय झालं, सुतक कुठं होतं तेव्हा.

"त्याला बांधताना मी बघितलं. गाल न्हवता. हाताची बोटं न्हवती. काठावरची माणसं म्हणली, वामांनी खाल्लं." त्यांनी हात धोतराला पुसला. "मी म्हणलो, खेकडं असतील. कासव असंल. वाम न्हाई खात. त्यो दुकानदार बी म्हणला, न्हाई खात. इतकं दिस मी हिला घालून घालून बघितलं. न्हाईच खाल्लं तिनं."

माझ्या हातातली पळी खाली पडली. तोंड का बघू दिलं नाही ते मला तेव्हा समजलं, आणि बाकीचंही सगळं समजलं.  मी आबांचा हात धरला तर तो गार होता.

मिस्टर पानावर बसले होते ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.  म्हणाले, "मामा, ती खरंच खात नाही. मी तिला मुद्दाम उपाशी ठेवली होती. आठ दिवस काही घातलं नाही. भूक लागली म्हणून खाल्लं हो तिनं."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. आपला माणूस बोलतोय तसं बघितलं.

"मलाबी भूकच लागली हुती, पाव्हणं," ते म्हणाले.

कुणीच जेवलं नाही. मी पानं उचलली. काहीतरी बोलावं, बापाला धीर द्यावा असं फार वाटत होतं. आबा, तुमचा काय दोष, ती दुसरी वाम असेल, एवढं मोठं पाणी, असं सगळं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. जे त्यांनी स्वतःला इतके दिवस सांगून बघितलं होतं तेच मी त्यांना काय सांगणार. मिस्टर बाल्कनीत जाऊन गप्प्यांच्या टबाशेजारी बसले आणि पोरासारखे रडले. आयुष्यात मी त्यांना तेवढं एकदाच रडताना बघितलंय.

ऊन उतरल्यावर मिस्टर आत आले. मला म्हणाले, वामेला मी पवना नदीत सोडून येतो, ती या घरात नको. बादली घेतली, झाकणाला हात घातला. आबा भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "राहू द्या तिला."

मग उठले. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून. बाल्कनीतून डबा आणि खुरपं घेतलं आणि दाराकडं निघाले. मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, आता कशाला आबा, ती खाते आता काहीही, फ्रिजमध्ये कोळंबी आहे.

"नको," ते म्हणाले. "तिला उपाशी ठिवू नका."

ते जिना उतरले. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. ते बागेत गेले, गुलाबाच्या वाफ्यापाशी बसले आणि कोरडी माती उकरायला लागले. वॉचमन खुर्चीवरून उठला, त्यांच्याकडे बघितलं आणि परत बसला. थोड्या वेळानं मिस्टर खाली गेले, त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले आणि हातानं माती बाजूला करायला लागले.  अंधार पडायला आला तरी डब्यात काही पडल्याचं मला दिसलं नाही, आणि दोघांतला कुणी वर यायला तयार नव्हता.